चाळकेवाडीचा सरडा

साताऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. भिंतीवर पूर्वी कंपन्यांची पोस्टरं होती, आता मी काढलेले फोटो आहेत. नंबर तपासायला आलेली माणसं बाकावर बसून ते न्याहाळतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "यात वाघ नाही का?" प्रश्न रास्त आहे. कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० पासून आमच्या उशाशी आहे. तरीही भिंतीवरचा सर्वांत मोठा फोटो एका सरड्याचा आहे, आणि तो तिथून हलवायचा माझा विचार नाही.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरचा रस्ता धरला की धबधब्याच्या पुढे चाळकेवाडीचं पठार लागतं. जांभ्या दगडाचा सपाट माथा, पवनचक्क्यांच्या रांगा आणि एप्रिल-मेमध्ये वाळून पिवळं पडलेलं बोटभर गवत. त्या दिवसांत वर गेलेली माणसं "काही नाही हो बघायला" म्हणत परत येतात. नेमके तेच दिवस या सरड्याचे. एरवी तो मातीच्या रंगाचा, बोटाएवढ्या धडाचा, लांब शेपटीचा साधा जीव. विणीच्या हंगामात मात्र नर जरा उंचशा दगडावर चढतो, पुढच्या पायांवर छाती उचलून धरतो आणि गळ्याखालची कातडी उघडतो. पुढे झळाळता निळा, मग काळा, मागे नारिंगी. पापणी लवायच्या आत गळा मिटतो, पुन्हा उघडतो. हे सगळं समोरच्या मादीसाठी आणि शेजारच्या दगडावरच्या दुसऱ्या नरासाठी. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये 'सराडा सुपर्बा' या नावाने ही स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवली, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो याच पठारावरचा. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर असा प्राणी राहतो, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

नुसत्या डोळ्यांना या प्रदर्शनात फक्त निळी-नारिंगी लुकलुक दिसते. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच उघडला की ती लुकलुक थांबते आणि आत काय आहे ते समोर येतं. ताणलेल्या कातडीवरचे खवले एकेक मोजता येतात. गळ्याच्या आत एक बारीक लवचीक काडी असते, ती पुढे सरकून हा पडदा ताणते. तिची रेघ कातडीखालून उमटलेली दिसते. उजेडाचा कोन जरा बदलला की निळा कधी मोरपिशी होतो, कधी काळपट. एकदा संध्याकाळी घरी फोटो मोठे करून पाहताना चौकटीच्या कोपऱ्यात, गवताच्या काडीआड, धूसर अशी मादी सापडली. पठारावर ती मला दिसलीच नव्हती. त्या नराची मान त्याच बाजूला का वळत होती, ते तेव्हा उलगडलं. या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. फोटो काढताना एक गोष्ट बघायची, आणि घरी आल्यावर त्याच फोटोतून दुसरी.

हा फोटो मिळवायचा तर प्राण्याच्या पातळीला यावं लागतं. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत सरडा जमिनीत मिसळून जातो आणि गळा दिसतच नाही. मी पोटावर पडते. कॅमेऱ्याखाली तांदूळ भरून शिवलेली खादीची पिशवी ठेवते. ट्रायपॉडपेक्षा ती खडकावर नीट बसते आणि लेन्स जमिनीपासून वीतभरच उंच राहते. मग पलीकडचं पठार, आकाश आणि पवनचक्क्या धूसर होतात आणि सरडा त्यांच्यापुढे राजासारखा उभा राहतो. फोकस डोळ्यावर. शेपूट थोडी अस्पष्ट झाली तरी चालते, डोळा स्पष्ट नसेल तर फोटो बाद.

वेळ सकाळी साडेनऊ-दहापर्यंतची. नंतर ऊन भरपूर असतं, सरडेही हजर असतात, पण फोटो धूसर येतात आणि नवी माणसं लेन्सला दोष देतात. दोष लेन्सचा नसतो. कातळ तापला की त्यावरच्या हवेचे थर कमी-जास्त तापतात आणि त्यातून येणारा उजेड वाकत-थरथरत येतो. डांबरी रस्त्यावर दुपारी ज्या झळा दिसतात त्याच या. लांबच्या लेन्समधून त्या आणखी ठळक होतात. कितीही महागाची काच लावा, मधली हवा निवळत नाही. ज्यांना पठारावर फक्त दुपारीच जाता येतं त्यांनी जनावराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जावं, म्हणजे मध्ये हवा कमी येते.

पण जवळ जायचं कसं? सरळ चालत गेलं की सरडा पळतो. तिरकं, थांबत थांबत, आपली सावली त्याच्या अंगावर पडू न देता सरकलं तर तो बऱ्याचदा थांबतो. सावलीची त्याला धास्ती असते, कारण त्याच्या आयुष्यात सावली म्हणजे वरून येणारी झडप. याबाबत चाळकेवाडीची एक विलक्षण गोष्ट आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. ते काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पात्यांमुळे शिकारी पक्षी त्या भागापासून दूर राहतात. तिथे त्यांचं प्रमाण जवळपास चौपटीने कमी निघालं. त्यामुळे पवनचक्क्यांखाली सरडे जास्त, आणि माणसाला जास्त जवळ येऊ देणारे. फोटो काढणाऱ्या कोणालाही हा फरक गुडघ्यांवर रांगताना जाणवतो. तरीही मला पवनचक्क्यांपासून दूरचे सरडे जास्त प्रिय आहेत. तिथे एक डोळा आकाशाकडे ठेवून गळा फुलवणारा नर दिसतो, आणि त्या एका तिरक्या नजरेत त्याचं सगळं जगणं येतं.

भिंतीवरचा हा फोटो पाहून सर्वांत चांगलं बोलले ते ठोसेघरच्या बाजूचे एक म्हातारे गुराखी. वाचायचा चष्मा न्यायला आले होते. "आवं ताई, ह्यो तर आमच्या माळावरला! वळीव पडायच्या आदी लई नाचतंय. गुरं आली की दगडाखाली जातंय, गेली की परत वर." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही लहानपणापासून बघताय?" तर म्हणाले, "बघायचं काय त्यात, असतंयच की ते." मग बराच वेळ ते फोटोसमोर उभे राहिले, नवा चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून. कोणत्या टेपाडावर ते जास्त असतात, तेही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात मी तिथे गेले, आणि होते.

ज्यांना पठार गाठणं जमत नाही त्यांनी खोलीच्या भिंतीकडे पाहावं. आमच्या दुकानात काउंटरच्या काचेवर उड्या मारणारे कोळी येतात. नखाएवढा जीव, जाळं विणून बसत नाही, उडी घालून माशी पकडतो. त्याला आठ डोळे. समोरचे दोन मोठे, आणि माझ्या व्यवसायामुळे मला त्यांचं अतोनात कौतुक आहे. हे दोन डोळे आतून लांबट नळीसारखे असतात; भिंग पुढे पक्कं बसलेलं, पण मागचा पडदा कोळी आतल्या आत हलवू शकतो. डोकं न हलवता तो नजर फिरवतो ती अशी. लेन्स जवळ नेली की पळण्याऐवजी तो वळून समोर उभा राहतो आणि आपल्याकडे बघतो. एवढ्या लहान जिवाने आपल्याला बघून घेतलं, ही जाणीव विसरता येत नाही.

याचा फोटो मी मोबाइलवर काढते. डोळे तपासायच्या ट्रायल सेटमधली अधिक वीस नंबरची लेन्स कॅमेऱ्यापुढे धरली की झालं. तिची नाभी पाच सेंटिमीटरवर असते, म्हणजे मोबाइल साधारण तेवढ्या अंतरावर आणून थांबायचं आणि मग बोट न लावता श्वासागणिक पुढे-मागे व्हायचं. बाजारात मोबाइलला चिमट्याने लावायच्या मॅक्रो लेन्स मिळतात, त्या याच तत्त्वावर चालतात आणि फार महाग नसतात. उजेड खिडकीतून आडवा येऊ द्यावा, त्याच्या केसांचा पोत उठून दिसतो. फ्लॅश समोरून मारला की डोळ्यांत पांढरे ठिपके पडतात आणि चेहराच हरवतो.

दुकानात येणारी मुलं कोणता कॅमेरा घेऊ, असं विचारतात. मी त्यांना आधी मोबाइलने अंगणातला एकच प्राणी महिनाभर काढायला सांगते. खार, गायबगळा, कुंपणावरचा कोतवाल, काहीही. त्यातून गोडी टिकली तर एकाच अंगात लांबची आणि जवळची लेन्स सामावलेला ब्रिज कॅमेरा पुरतो. माझा स्वतःचा कॅमेरा आणि १००-४०० ची लेन्स दोन्ही जुन्या घेतलेल्या आहेत. मद्रासचे एम. कृष्णन निसर्गावर लिहीत आणि हत्ती-गव्यांचे कृष्णधवल फोटो काढत. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे आणि लेन्सचे भाग जोडून त्यांनी स्वतःचं एक अवजड यंत्र तयार केलं होतं आणि त्याला 'सुपर पाँडेरोसा' म्हणत. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी संयुक्त प्रांताच्या जंगलात वाटेवर तार बांधून, वाघाच्याच पायाने शटर उघडेल अशी सोय केली आणि रात्रीचे वाघ टिपले. त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. साहेब बंदुकीने वाघ मारत होते त्या काळात हा माणूस तार जोडत बसला होता. मला त्या दोघांचा फार आधार वाटतो.

आता जे बोलायलाच हवं ते. मे महिन्यात शनिवार-रविवारी पठारावर गाड्या थेट कातळावर चढवलेल्या दिसतात. सरडा गळा फुलवेना म्हणून काठीने हुसकावणारे, दोऱ्याचा फास टाकून त्याला पकडून 'चांगल्या' दगडावर आणून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. फुलपाखरू हलू नये म्हणून फ्रिजमध्ये गार करून काढतात, घुबड दिवसा बाहेर यावं म्हणून मोबाइलवर त्याची हाक वाजवतात. याला छंद म्हणायची माझी तयारी नाही. नराला वर्षातले जेमतेम काही आठवडे मिळतात. त्यातली सकाळ आपल्यापासून पळण्यात गेली तर त्या सकाळी मादी दुसऱ्या दगडाकडे जाते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. भर उन्हात आपण फोटोसाठी तिथे रेंगाळलो, ती अंड्यांवरून उठून ओरडत राहिली, तर तेवढ्या वेळात अंडी भाजू शकतात. म्हणून घरट्याचे फोटो काढू नयेत, कितीही सोपे असले तरी. दगड उचलून पाहिला तर होता तसा, त्याच बाजूने परत ठेवावा. खाली कोणाचं तरी घर असतं.

काढलेल्या फोटोंचं काय करायचं, हेही लोक विचारतात. आयनॅचरलिस्टवर किंवा पक्षी असेल तर ई-बर्डवर तारीख-ठिकाणासह टाकावेत. अनोळखी किड्याचं नाव तिथले जाणकार बऱ्याचदा सांगतात आणि आपली नोंद अभ्यासकांच्या कामाला येते. दुर्मीळ किंवा चोरीचा धोका असलेला प्राणी असेल तर नेमकं ठिकाण झाकून ठेवता येतं, आणि ते झाकावंच. नावाशिवायचे फोटोही मी टाकते. एका पतंगाचं नाव मला दोन पावसाळ्यांनी कळलं, तेही परगावच्या एका अभ्यासकाने सवडीने दिलेलं.

जूनमध्ये पाऊस लागला की पठारावर ढग उतरतात, गवत हिरवं होतं आणि सरड्यांचं नाचणं थांबतं. तेव्हा मी लांबची लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, कारण आमच्याकडच्या दमटपणात काचेच्या आत बुरशी धरते आणि ती साफ करायला खर्च फार येतो. पावसाळाभर मग गच्चीच्या दारात पांढरी चादर टांगून मागे दिवा लावायचा. रात्री नऊनंतर पतंग यायला लागतात. शेजारच्या घरातली मुलं जेवून थेट वर येतात, आणि अधिक वीसची लेन्स कोणी धरायची यावरून त्यांचं भांडण सुरू होतं.