घाई व माणुसकी

‘हल्लीं माणुसकी राहिली नाहीं’ ही तक्रार आपण वडील मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकतों. रस्त्यांत कोणी पडला तर लोक बाजूनें निघून जातात, एकाच जिन्यावर राहणाऱ्या कुटुंबांस एकमेकांचीं नांवें ठाऊक नसतात, आगगाडींत शेजारीं बसलेला मनुष्य मोबाईलमधून डोकें वर काढीत नाहीं, अशीं उदाहरणें तिच्या पुष्ट्यर्थ दिलीं जातात. उदाहरणें खोटीं नाहींत. परंतु त्यांवरून मनुष्याचें अंतःकरण पूर्वीपेक्षां कठोर झालें आहे असें जें अनुमान काढण्यांत येतें, तें तपासून पाहण्याजोगें आहे. आमच्या मतें दोष अंतःकरणाचा थोडा व घाईचा फार आहे. तो कसा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या बहुतेक वाचकांस माहीत आहे. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या एका वाटसरूस चोरांनीं लुटून अर्धमेला करून टाकिलें. याजक आला व निघून गेला. लेवी आला व तोहि निघून गेला. शोमरोनी हा परक्या लोकांतला, पण त्यानेंच थांबून त्याच्या जखमा बांधिल्या. पहिले दोघे कां थांबले नाहींत, हें दाखल्यांत सांगितलेलें नाहीं. जॉन डार्ली व डॅनिएल बॅट्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा शोध एका प्रयोगानें केला. प्रिन्स्टन येथील एका धर्मशिक्षणाच्या विद्यालयांतील विद्यार्थ्यांवर त्यांनीं तो १९७० सालीं केला व १९७३ सालीं प्रसिद्ध केला.

प्रयोग असा होता. ४० विद्यार्थ्यांस एकेकट्यानें बोलावून एक लहानसें भाषण तयार करावयास सांगितलें. कित्येकांस त्याच शोमरोन्याच्या दाखल्यावर, बाकीच्यांस शिक्षण संपल्यावर करावयाच्या व्यवसायांविषयीं. भाषण दुसऱ्या इमारतींत द्यावयाचें होतें. निघतांना कांहींस सांगितलें कीं, तुम्हांस उशीर झाला आहे, त्वरा करा. कांहींस सांगितलें कीं, वेळ झाली आहे, निघा. आणि कांहींस सांगितलें कीं, अजून अवकाश आहे, पण निघालांत तरी चालेल. वाटेंत एका दारापाशीं एक मनुष्य मान खालीं घालून, डोळे मिटून, खोकत व कण्हत बसला होता. तो अर्थातच प्रयोगकर्त्यांनीं बसविलेला होता. ज्यांस अवकाश होता त्यांपैकीं शेंकडा ६३ जणांनीं साहाय्य देऊं केलें. मध्यम घाईच्या मंडळींपैकीं शेंकडा ४५ जणांनीं. ज्यांस उशीर झाला होता त्यांपैकीं अवघ्या शेंकडा १० जणांनीं. नवलाची गोष्ट ही कीं, शोमरोन्यावर बोलावयास निघालेल्यांत व इतरांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. तोच दाखला मनांत घोळवीत जाणारे कांहीं जण त्या मनुष्यास अक्षरशः ओलांडून पुढें गेले.

हे विद्यार्थी निर्दय होते काय? तसें दिसत नाहीं. न थांबलेले पुष्कळ जण पुढच्या इमारतींत पोंचले तेव्हां अस्वस्थ दिसत होते. कोणी तरी आपली वाट पाहत आहे, त्याचें काम अडेल, या एकाच चिंतेनें त्यांचें मन व्यापलें होतें. घाई मनुष्यास दुष्ट करीत नाहीं; ती त्याची दृष्टि अरुंद करते, हा या प्रयोगाचा बोध होय.

ही घाई आली कोठून? मिनिटांचा हिशेब ठेवण्याची संवय आपल्याकडे फार जुनी नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारें ३४ किलोमीटर. बैलगाडी वाटेंत कोणासाठीं घटकाभर थांबली तरी बिघडत नसे. आगगाडी कोणाची वाट पाहत नाहीं. पूर्वी ज्या त्या शहराची वेळ सूर्यावरून ठरे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशास एकच प्रमाणवेळ लागू झाली. तरी मुंबई शहरांत तिच्याहून ३९ मिनिटें मागें असलेली स्थानिक वेळ १९५५ सालापर्यंत वापरांत होती. याच मुंबईच्या भात बाजारांत केशवजी नाईक यांच्या नांवाचें १८७६ सालचें कारंजें आहे. एकाच वास्तूंत घड्याळ व तहानलेल्या वाटसरूसाठीं पाणी, अशी दोहोंची सोय तेथें केलेली होती. आम्हांस ती योजना फार उचित वाटते. घड्याळ टाकून द्या असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. घड्याळानें पाणपोईची जागा घेऊं नये, इतकेंच म्हणणें आहे.

घाईस गर्दीची जोड मिळाली म्हणजे अडचण वाढते. स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानें १९७० सालीं असें प्रतिपादिलें कीं, मोठ्या शहरांत मनुष्याच्या दृष्टीसमोरून इतके चेहरे जातात कीं प्रत्येकाकडे लक्ष देणें त्यास अशक्य होतें. म्हणून तो लक्षाची काटकसर करूं लागतो. रोज त्याच स्टेशनावर, त्याच वेळीं दिसणारे, पण ज्यांच्याशीं आपण एक अक्षरहि बोललों नाहीं, अशा लोकांस त्यानें ‘ओळखीचे अनोळखी’ असें नांव दिलें. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकास असे दोन-चार चेहरे आठवतील.

मग आपण बोलत कां नाहीं? आपणांस वाटतें, समोरच्यास तें आवडणार नाहीं. निकोलस एप्ली व ज्यूलियाना श्रोडर यांनीं शिकागो येथें आगगाडीनें कामास जाणाऱ्या लोकांवर प्रयोग करून २०१४ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कांहीं प्रवाशांस शेजाऱ्याशीं संभाषण करावयास सांगितलें, कांहींस एकटे स्वस्थ बसावयास, व कांहींस नेहमींप्रमाणें वागावयास. ज्यांनीं संभाषण केलें त्यांचा प्रवास सर्वांत सुखाचा झाला. परंतु ज्यांस केवळ अंदाज विचारला होता, त्यांनीं एकटें बसणेंच अधिक सुखाचें होईल असें सांगितलें होतें. तात्पर्य, दोघांसहि बोलावेंसें वाटत असतें, आणि दुसऱ्यास वाटत नाहीं असें मानून दोघेहि गप्प बसतात.

आपल्या महाराष्ट्रास हें शिक्षण अगदींच परकें नाहीं. आळंदीहून पंढरपूर सुमारें २५० किलोमीटर. मोटार तें अंतर कांहीं तासांत तोडते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस जवळजवळ तीन आठवडे लागतात. वाटेनें चालणारे ज्यांचें नांवगांव ठाऊक नाहीं त्यांस ‘माउली’ म्हणून हांक मारतात व एकमेकांच्या पायां पडतात. पायांच्या गतीनें चालणाऱ्यास शेजारचा दिसतो, त्याची चप्पल तुटलेली दिसते, त्याची तहान कळते. मुंबईच्या लोकल गाडींतहि, तिघांच्या बाकावर जरा सरकून चौथ्यास टेकण्यापुरती जागा करून देण्याची रीत आहे. आसन चार बोटांचेंच असतें, पण तें परक्यास दिलेलें असतें.

हा विषय केवळ सौजन्याचा नाहीं, प्रसंगीं प्राणाचा आहे. रस्त्यावर अपघात झाल्यास पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. पोलिसांचा व न्यायालयाचा ससेमिरा मागें लागेल या भीतीनें पुष्कळ लोक जखमीजवळ जात नसत. यासाठीं सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं साहाय्यकर्त्यांच्या संरक्षणाच्या नियमांस बळ दिलें. पुढें २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घालण्यांत आलें. सद्भावनेनें जखमीस मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा अगर खटला चालत नाहीं, व त्यास आपलें नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. कायद्यानें भीति दूर केली. घाई दूर करणें मात्र कायद्याच्या हातीं नाहीं.

आतां आमच्या बालवाचकांस एक इशारा देणें आवश्यक आहे. परक्याशीं सौजन्यानें वागणें निराळें व परक्यावर विश्वास टाकणें निराळें. अनोळखी मनुष्याबरोबर कोठें जाऊं नये, त्यानें दिलेलें खाऊं नये, हा आईबापांचा उपदेश योग्यच आहे. रस्त्यांत कोणी पडलेला दिसल्यास मुलांनीं जवळच्या मोठ्या माणसास हांक मारावी, किंवा रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक फिरवावा. याहून सोपीं कामेंहि पुष्कळ आहेत. शाळेचा शिपाई, बसचा वाहक, दारीं भाजी घेऊन येणारी बाई यांचीं नांवें विचारून घ्यावीं व त्यांस नांवानें हांक मारावी.

पालकांसहि एक विनंती आहे. सकाळीं ‘चल, उशीर झाला’ हे शब्द घरोघर ऐकूं येतात, आणि मूल रस्त्यांत कांहीं पाहण्यास थांबलें कीं आपण त्याचा हात ओढतों. प्रयोगांतील विद्यार्थ्यांस पाठ उत्तम येत होता. त्यांस उणीव होती ती पांच-दहा मिनिटांची. घरून दहा मिनिटें अगोदर निघावें. त्या दहा मिनिटांत कोणी भेटला नाहीं तर आपण शाळेंत वेळेपूर्वीं पोंचूं. आणि कोणी भेटला, तर त्याच्यासाठीं थांबावयास आपल्यापाशीं वेळ असेल.