अल्परोधी कॉइल आणि लिथियम-आयन घट : ई-सिगारेटमधील विद्युत सुरक्षिततेचा विचार

ई-सिगारेटमुळे होणाऱ्या आरोग्यहानीची चर्चा विपुल झाली आहे. तिच्यातील विद्युतघटाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील आग व स्फोटाच्या १९५ घटना नोंदविलेल्या आहेत. अशा दुर्घटनांमागील एक प्रमुख धोका समजून घेण्यास शालेय पातळीवरील ओहमचा नियम पुरेसा आहे.

'मेकॅनिकल मॉड' या प्रकारात घट, कळ आणि कॉइल एवढेच घटक असतात. धारेवर नियंत्रण ठेवणारा इलेक्ट्रॉनिक परिपथ नसतो. पूर्ण प्रभारित घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. कॉइलचा रोध १ ओहम असेल तर धारा ४.२ अँपिअर, ०.५ ओहमला ८.४ आणि ०.२ ओहमला २१ अँपिअर. दाट वाफेच्या हव्यासापोटी रोध कमी केला जातो, परंतु ही वाढीव धारा त्याच घटाला पुरवावी लागते. १८६५० आकाराच्या अनेक घटांची सलग धारा देण्याची मर्यादा १० ते २० अँपिअर इतकीच असते, आणि वेष्टनावर छापलेला आकडा नेहमीच विश्वसनीय असतो असे नाही. धारा दुप्पट झाली की घटाच्या अंतर्गत रोधात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. आतील विभाजक पटल वितळल्यास अभिक्रिया स्वतःच उष्णता वाढवीत जाते व ज्वालाग्राही वायू उसळतो. त्याला वाट न मिळाल्यास धातूची नळी फुटते. २०१८ साली फ्लोरिडात ई-सिगारेटच्या स्फोटातील तुकडे डोक्यात घुसून एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

नियंत्रित उपकरणात गणित बदलते. तेथे घटावरील भार कॉइलच्या रोधावर नव्हे, तर निवडलेल्या शक्तीवर ठरतो. ६० वॅटसाठी एकच घट ४.२ व्होल्टला सुमारे १४ अँपिअर देतो, ३.२ व्होल्टपर्यंत उतरल्यावर जवळजवळ १९. घट रिकामा होत असतानाच त्याच्यावरील ताण वाढतो, ही बाब सहसा ध्यानात येत नाही.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे. तथापि हेच घट टॉर्च व पॉवर बँकमध्ये सर्रास आढळतात. उपरोक्त १९५ पैकी ६१ घटना उपकरण अथवा सुटा घट खिशात असताना घडल्या. खिशातील किल्ली वा नाणे घटाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकले, तर तीही जवळजवळ शून्य रोधाची कॉइलच ठरते. सुटा घट प्लास्टिकच्या डबीत ठेवल्यास हा संपर्क टळतो.