दुभाष्याचे शब्द कोण तपासणार?

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री द्वारकेला जाण्यासाठी एक तरुणी आणि तिचा मित्र मुनीरकाच्या थांब्यावर बसमध्ये चढले. पुढे काय घडले ते देशाला ठाऊक आहे. त्यानंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिच्यातील शिक्षेच्या तरतुदींवर भरपूर चर्चा झाली. पुराव्याच्या कायद्यातील कलम ११९ चा बदल मात्र दुर्लक्षित राहिला. साक्षीदार बोलून सांगू शकत नसेल, तर न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतलीच पाहिजे आणि त्या जबाबाचे चित्रीकरण झालेच पाहिजे, असा तो बदल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १२५ म्हणून आली आहे.

दुभाष्याने सांगितलेले बरोबर आहे की नाही, हे कोणी पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर त्या कलमात नाही.

मी द्वारकेत राहते आणि दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेच्या भावी दुभाष्यांना शिकवते. माझ्या घरापासून सेक्टर १० मधील जिल्हा न्यायालय दूर नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना पुढे अशाच न्यायालयांत उभे राहायचे आहे. म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे. प्रत्येकाने आपल्या कामाचे दहा मिनिटांचे चित्रीकरण करायचे, दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाहायचे आणि स्वतःच त्याचे लेखी मूल्यमापन करायचे. गुण मी देत नाही. विद्यार्थ्यांना तो सुरुवातीला पळवाटेसारखा वाटतो. दुसऱ्या महिन्यापर्यंत त्यांचे मत बदललेले असते.

या स्वमूल्यमापनाच्या वह्या वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. विद्यार्थी स्वतःवर कठोर असतात, पण चुकीच्या जागी. ‘हात अडखळला’, ‘नजर खाली गेली’, ‘वेग कमी पडला’, अशा नोंदींनी पाने भरतात. अर्थ बदलला का, हा रकाना मात्र बहुधा कोरा असतो. यात अप्रामाणिकपणा नाही. अडखळलेला हात पडद्यावर दिसतो. हरवलेला अर्थ दिसत नाही. अमेरिकेतील डेनिस कोकली यांनी दुभाष्यांच्या चुकांचे वर्गीकरण केले आहे. मजकूर गाळला जातो, पदरचा घातला जातो, एकाऐवजी दुसरा येतो, एका भाषेची रचना दुसरीत घुसते, आणि काही वेळा जे उमटते त्याला अर्थच नसतो. ऑस्ट्रेलियात जेमिना नेपियर यांनी केवळ गाळलेल्या मजकुराचे पाच प्रकार केले. त्यांतला एक जाणीवपूर्वक, उपयोगी ठरणारा असतो. कुशल दुभाषी अनावश्यक पुनरुक्ती सोडून देतो. दुसऱ्या टोकाच्या प्रकारात आपण काही गाळले याचा दुभाष्याला पत्ताच नसतो. अशी चूक वहीत उतरणार तरी कशी?

न्यायालयात याचा अर्थ काय होतो, ते एका साध्या प्रश्नातून पाहू. वकील हिंदीत विचारतो, ‘उसने तुम्हें मारा?’ हिंदीला हाताने की काठीने, हे सांगण्याची गरज नसते. सांकेतिक भाषेत मारण्याची खूण बहुधा मारण्याची रीतच दाखवते. थप्पड, बुक्की आणि काठी यांच्या खुणा वेगळ्या. दुभाष्याने सवयीने बुक्कीची खूण केली, तर वकिलाने न विचारलेला तपशील साक्षीदारापुढे ठेवला गेला. साक्षीदाराने मान हलवली की ‘बुक्की मारली’ हे तिचे विधान ठरते. कायद्याच्या भाषेत हा सूचक प्रश्न झाला, आणि सरतपासणीत न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो चालत नाही. इथे तो कोणी विचारला, हेच कोणाला कळलेले नसते. ‘हात लावला’ या वाक्याचे तर विचारूच नका. कुठे लावला, हे दाखवल्याशिवाय ती खूण करणेच अवघड. लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात याचे परिणाम काय होतील, हे वकिलांना सांगायला नको.

उलट दिशेचे काम अधिक धोक्याचे आहे. साक्षीदाराच्या खुणा पाहून दुभाषी हिंदीत बोलू लागला की न्यायाधीशांच्या कानी फक्त ती हिंदी पडते. एखादी खूण समजली नाही, तर थांबून ‘पुन्हा विचारण्याची परवानगी द्यावी’ असे म्हणण्यापेक्षा अंदाजाने वाक्य पूर्ण करणे नवशिक्याला सोपे जाते. ते वाक्य नीटस, व्याकरणशुद्ध असते, त्यामुळे विश्वासार्हही वाटते. अडखळणारा दुभाषी कच्चा आणि ओघवता दुभाषी पक्का, अशी ऐकू येणाऱ्या माणसांची समजूत असते. २०१३ मध्ये जोहान्सबर्गला नेल्सन मंडेला यांच्या शोकसभेत जगभरच्या नेत्यांशेजारी एक दुभाषी शांतपणे हात हलवत उभा होता. त्या खुणांना काही अर्थ नाही, हे कर्णबधिरांनीच जगाला सांगितले. व्यासपीठावरच्या एकालाही ते उमगले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ओळखलेला नाही, असे नाही. राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग या २०१२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की दुभाषी साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्याला शपथ द्यावी. २०२१ च्या पटान जमाल वली निकालात प्रशिक्षित दुभाषी नेमण्याची आणि पोलीस ठाण्यांनी त्यांची यादी ठेवण्याची गरज मांडली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम पाहिले. ही वाटचाल मोलाची आहे. पण शपथ दुभाष्याच्या हेतूची हमी देते, अचूकतेची देत नाही. यादीत नाव असणे ही तर हजेरी झाली.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १० हजार शब्दांचा कोश तयार केला. दुभाष्यांसाठी दोन वर्षांची पदविकाही आहे. कोशात कायद्याचे शब्दही आहेत. पण शाळेत कधी न गेलेल्या आणि घरच्यांशी घरगुती खुणांनीच बोलणाऱ्या साक्षीदाराला ‘जामीन’ची प्रमाण खूण दाखवून काय उपयोग? अशा वेळी कर्णबधिर दुभाषी मध्ये असावा लागतो. ऐकू येणारा दुभाषी त्याला प्रश्न देतो, तो साक्षीदाराच्या खुणांत ते मांडतो. आपल्या न्यायालयांत ही व्यवस्था अपवादानेच दिसते.

माझ्या वर्गात फरक पडला तो कर्णबधिर परीक्षक आल्यापासून. विद्यार्थी आधी स्वतःची नोंद लिहितो. मग परीक्षक तेच चित्रीकरण मूळ हिंदी न ऐकता पाहतात आणि आपल्याला काय समजले ते खुणांनी सांगतात. दोन्ही शेजारी ठेवले की तो कोरा रकाना भरू लागतो. एका विद्यार्थिनीने स्वतःला ‘उत्तम’ दिले होते. तिच्या भुवया प्रश्नाच्या वेळी उंचावल्याच नव्हत्या, त्यामुळे परीक्षकांना प्रश्न हे विधान वाटले. तिने पुढच्या वेळी फक्त भुवयांकडे पाहिले. चेहरा हे सांकेतिक भाषेत व्याकरण आहे, हे तिला पुस्तकातून आधीच पाठ होते.

मग न्यायालयांत काय करता येईल? कायद्याने चित्रीकरण होतेच. आज ते एखाद्या पक्षाने आक्षेप घेतला तरच उपयोगी पडू शकते, आणि सांकेतिक भाषा न जाणणारा वकील आक्षेप घेणार कशावर? ठरावीक प्रमाणात जबाब निवडून स्वतंत्र कर्णबधिर तज्ज्ञाकडून ते तपासून घेण्याची व्यवस्था उच्च न्यायालये नियम करून उभी करू शकतात. पीडितेच्या गोपनीयतेचा आक्षेप रास्त आहे. म्हणून तपासणी न्यायालयाच्या आवारातच, शपथबद्ध व्यक्तीकडून व्हावी आणि शिकवण्यासाठी हे चित्रीकरण कधीही वापरले जाऊ नये. शिकवण्यासाठी दुसरा मार्ग आहे. द्वारकेतच सेक्टर १४ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तेथील अभिरूप न्यायालयात कर्णबधिर व्यक्ती साक्षीदार म्हणून आणि आमचे विद्यार्थी दुभाषी म्हणून उभे राहिले, तर भावी वकिलांनाही प्रश्न कसा विचारावा ते कळेल.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. वर्गात चूक लिहून काढणाऱ्याचे कौतुक होते. न्यायालयात ‘मघाशी मी चुकीचे सांगितले, दुरुस्ती करू द्यावी’ असे म्हणणाऱ्या दुभाष्याची उलट बाजूचे वकील खिल्ली उडवतात आणि साराच जबाब संशयास्पद ठरवू पाहतात. पुढच्या वेळी त्याला बोलावले जाईल याची शाश्वती नसते, कारण तो मानधनावर काम करतो. मग तो गप्प राहणेच पत्करतो. दुरुस्तीची विनंती नोंदवून घ्यावी, त्या वेळी प्रश्न पुन्हा विचारावा आणि केवळ दुरुस्ती मागितली म्हणून दुभाष्याच्या किंवा साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविरुद्ध अनुमान काढू नये, अशी एक सूचना न्यायालयांना दिली तरी पुष्कळ होईल. तिला कायदादुरुस्ती लागत नाही, निधीही लागत नाही. उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.