नित्य उपासना आणि कष्टकऱ्यांचे घर

निपाणी भागातील विडी वळणाऱ्या भगिनींना मजुरी हजार विड्यांमागे मिळते. म्हणून उपासनेत गेलेला अर्धा तास म्हणजे बुडालेली मजुरीच होय. अशा घरास दीर्घ एकांताचा उपदेश करणे म्हणजे न पेलणारे ओझे लादणे, असे आम्हांस वाटते. परंतु हात गुंतले तरी कान व कंठ मोकळे असतात. एकाने शास्त्रपाठ वाचावा, इतरांनी ऐकावा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे (१८६१-१९१९) एखादे पाठ असलेले भजन सर्वांनी म्हणावे. शेवटी मात्र क्षणभर हात थांबवून प्रभूची प्रार्थना करावी. दानिएलाच्या प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या होत्या (दानीएल ६:१०). नियमाचे बळ लांबीत नसून सातत्यात आहे. यास्तव पाळकांनी व प्रचारकांनी आधी घराची दिनचर्या जाणावी, मगच नियम सांगावा.