जमिनीखालची प्लास्टिकची सेप्टिक टाकी

जिथे भुयारी गटारे पोहोचलेली नाहीत, तिथे शौचालयातून जाणाऱ्या मैलापाण्याची सोय ज्याची त्याला आपल्याच आवारात करावी लागते. महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी खेडी आणि शहरांच्या कडेला वाढलेल्या पुष्कळ वसाहती अशाच आहेत. पूर्वी यासाठी विटांची किंवा चिऱ्यांची टाकी बांधून तिला आतून सिमेंटचा गिलावा करत. गवंड्याचे काम काही दिवस चाले, आणि गिलाव्याला तडा गेला की टाकी नकळत झिरपू लागे. आता प्लास्टिकची तयार टाकी टेम्पोतून येते, तीन-चार माणसे ती उचलून अंगणात ठेवतात आणि काम एक-दोन दिवसांत उरकते. हजार लिटरच्या अशा टाकीचे वजन साधारण तीस-चाळीस किलो भरते. दुकानात हा हलकेपणाच गुण म्हणून सांगितला जातो. जमिनीखाली गेल्यावर मात्र तोच अडचणीचा ठरतो, आणि बसवण्याच्या कामातली निम्मी खबरदारी त्याच्यासाठीच घ्यावी लागते.

सेप्टिक टाकीची कल्पना फ्रान्समधली. झाँ-लुई मुरा यांनी 1881 मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमरन यांनी 1895-96 च्या सुमारास ती सुधारून वापरली. तत्त्व आजही तेच आहे. टाकीत आलेले पाणी किमान एक दिवस तरी संथ राहिले पाहिजे. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट आणि हलका भाग वर सायीसारखा जमतो, आणि मधले तुलनेने निवळ पाणी पुढे जाते. तळाच्या गाळाला हवा लागत नाही. अशा जागी वाढणारे जिवाणू तो हळूहळू कुजवतात आणि त्याचे आकारमान घटवतात. एवढेच टाकीचे काम. बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी त्यात रोगजंतू असतात आणि विरघळलेली घाणही बरीच उरते. ते उघड्या गटारात सोडणे म्हणजे शौचालय गटारालाच जोडण्यासारखे आहे, आणि दुर्दैवाने गावोगाव हेच चालते. म्हणून टाकीनंतर हे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा हा ऐच्छिक भाग नव्हे.

टाकी घेताना पहिली गोष्ट पाहायची ती तिची भिंत. या टाक्या पॉलिथिनच्या पुडीपासून होतात. पूड साच्यात घालून साचा भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवतात; ती वितळून आतल्या बाजूला सारखी चिकटते आणि बिनसांध्याची टाकी तयार होते. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला जाड कड्या आणि खाचा दिलेल्या असतात, कारण तिला बाहेरून मातीचा दाब सोसायचा असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची घडण उलटी. आतल्या पाण्याचा दाब पेलण्यापुरतीच ती मजबूत असते. स्वस्त पडते म्हणून गच्चीवरची टाकी खड्ड्यात उतरवणारे काही कमी नाहीत. एखाद्या पावसाळ्यात ती कुशीत दबते आणि मग पैसे वाचवल्याचा आनंद संपतो.

क्षमतेचे गणित भारतीय मानक 2470 मध्ये दिलेले आहे. टाकीत किमान हजार लिटर पाणी मावावे, पाण्याची खोली किमान एक मीटर असावी, असे ते सांगते. पाच माणसांच्या घरासाठी ते सुचवते ती टाकी जेमतेम याहून मोठी असते. बाजारात त्याहून लहान टाक्याही मिळतात. त्या फार लवकर गाळाने भरतात, म्हणून चार माणसांच्या घरानेही हजार लिटरच्या खाली जाऊ नये. छपराचे पावसाचे पाणी टाकीत कधीही सोडू नये. एका जोरदार सरीत टाकीतले संथ पाणी ढवळून निघते आणि गाळ थेट शोषखड्ड्यात जातो. न्हाणीघराचे पाणी वेगळे काढता आले तर उत्तम.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी, जी विक्रेता सहसा सांगत नाही. घरात माणसे मोजकी असतील, जमीन पाणी पिणारी असेल आणि भूजल खोल असेल, तर टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय स्वस्त पडते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवतात. बंद केलेल्या खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात खत होते आणि गाळ उपसणाऱ्या गाडीची गरज उरत नाही. स्वच्छ भारत अभियानाने ग्रामीण भागात याच पद्धतीवर भर दिला. जिथे भूजल उथळ आहे, विहिरी जवळजवळ आहेत किंवा घर मोठे आहे, तिथे टाकीला अर्थ आहे.

जागा ठरवताना उतार, विहीर आणि गाडी या तीन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात. शौचालयाच्या भांड्यापासून टाकीपर्यंत पाइपला दर दहा फुटांना अडीच ते तीन इंच उतार लागतो. म्हणजे वीस फुटांवरच्या टाकीचे तोंड पाच-सहा इंच खाली जाते. टाकी जितकी दूर, तितकी ती खोल आणि तितका तिच्यावर मातीचा भार जास्त. उत्पादक वरच्या मातीची मर्यादा सांगतो. ती पाळायची असेल तर टाकी घराजवळ हवी. वळण आले तर तिथे चेंबर ठेवावे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान 18 मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा. कोकणातल्या जांभ्यात याहूनही अंतर ठेवलेले बरे, कारण जांभ्याच्या भेगांमधून पाणी फारसे गाळले न जाताच लांबवर पोहोचते. शेवटी, गाळ उपसणाऱ्या गाडीचा पाइप झाकणापर्यंत यायला हवा. गाडीच जर टाकीच्या डोक्यावरून जाणार असेल, तर जागा चुकली.

खोदाई एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आधी उरकावी. खड्डा टाकीपेक्षा सगळ्या बाजूंनी फूटभर मोठा घ्यावा. ही जागा माणसाला उभे राहून भराव ठोकता यावा म्हणून असते. ती वाचवली की पुढचे सगळे काम बिघडते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खड्डा आणखी रुंद करून निघालेली काळी माती परत आत न टाकणे हाच उपाय. खोल खड्ड्याच्या कडा ढासळतात, म्हणून माती काठापासून दूर टाकावी आणि आत माणूस असताना काठावर जेसीबी उभा करू नये.

तळ सपाट करून, टोकदार दगड काढून त्यावर चार ते सहा इंच वाळूचा किंवा दगडाच्या बारीक कचेचा थर ठोकून बसवतात. जमीन पोकळ असेल तर खाली काँक्रीटचा कोबा आणि त्यावर वाळू. टाकी दोराने उतरवून लांबी-रुंदी दोन्हीकडून पातळीत आणतात. टाकीचे आत येणारे तोंड बाहेर जाणाऱ्या तोंडापेक्षा दोन-तीन इंच उंच असते. टाकी उलटी बसली तर मैला पाइपात तुंबतो, म्हणून दिशा उतरवण्यापूर्वीच तपासावी. दोन्ही तोंडांना आतून टी जोडलेली असते. तिचे खालचे टोक सायीच्या थराखाली पोहोचते, त्यामुळे वरची साय पुढे वाहून जात नाही.

यानंतर येतो भराव, आणि टाकीचे आयुष्य इथेच ठरते. रिकाम्या टाकीभोवती माती लोटली तर भिंती आत दबतात. नुसतीच पाण्याने काठोकाठ भरली तर त्या बाहेर फुगतात. म्हणून दोन्ही कामे बरोबरीने चालवायची. टाकीत पाण्याची नळी सोडायची, आत सुमारे फूटभर पाणी झाले की बाहेर चहूबाजूंनी सहा-सहा इंचांचा वाळूचा किंवा कचेचा थर टाकून ठोकायचा, पुन्हा पाणी, पुन्हा थर. आतली पातळी बाहेरच्या भरावापेक्षा नेहमी थोडी वर राहावी. एकाच बाजूने फावडे चालवले की टाकी तसूभर सरकते आणि पातळी जाते, तेव्हा माणसांनी फिरत फिरत भरावे. कड्यांमधल्या खाचांत आणि तळाच्या गोलाईखाली वाळू हाताने किंवा लाकडाने कोंबावी लागते, कारण तिथे पोकळी राहिली तर नेमकी तिथेच भिंत पुढे दबते. जेसीबीने एका झटक्यात भराव लोटणे सोयीचे दिसते, पण या कामात त्याला हात लावू देऊ नये.

भूजल वर येणाऱ्या जागी एवढ्याने भागत नाही. किनारपट्टीवर, नदीकाठी किंवा भातखाचरांशेजारी मे महिन्यात कोरडाठाक असलेला खड्डा जुलैत पाण्याने भरतो. हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात पूर्ण बुडाली तर पाणी तिला सुमारे एक टन जोराने वर ढकलते. तिचे स्वतःचे वजन तीस-चाळीस किलो. टाकी जमिनीतून वर येते, पाइप सांध्यात मोडतात आणि अंगणात उंचवटा दिसतो. तोवर दुरुस्तीचा प्रश्न उरलेला नसतो, सगळे पुन्हा खणावे लागते. उपाय म्हणून टाकीखाली सळयांचा काँक्रीट पाट घालून त्यात अडकवलेल्या कड्यांना नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या रुंद पट्ट्यांनी टाकी बांधतात. तार वापरू नये, ती प्लास्टिक कापते. पाच फूट लांब-रुंद आणि सहा इंच जाड पाटाचे वजन साडेआठशे किलोच्या आसपास होते. पाण्याखाली मात्र त्यातले पाचशे किलोही कामी येत नाहीत. म्हणून पाट टाकीच्या कडेबाहेर यावा, म्हणजे त्या कडेवरच्या मातीचा भारही टाकीला खाली धरतो. गवंडी ‘पाट घातला की झाले’ म्हणतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

टाकीवर वाहन जाणारच असेल तर वरून सळयांचा स्लॅब टाकतात. तो टाकीवर टेकता कामा नये. त्याच्या कडा खड्ड्याबाहेरच्या न खणलेल्या जमिनीवर बसल्या पाहिजेत. झाकणाचा गळा जमिनीच्या थोडा वर काढावा, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही, आणि झाकणाला कडी-कुलूप हवे, कारण मूल आत पडल्यास वाचत नाही. वायू जाण्यासाठीचा पाइप घराच्या छपरापेक्षा साधारण दोन मीटर वर नेऊन त्याच्या तोंडाला डासांची जाळी बांधतात. जाळी तुटली की टाकी डासांचे आगर होते.

टाकीतून निघालेले पाणी मुरवण्याआधी जमीन किती पिते ते पाहावे. छोटा खड्डा खणून तो आदल्या रात्री भिजत ठेवायचा आणि सकाळी पाणी इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो. त्याहून संथ जमिनीत उथळ, लांब चर लागतात. एक तासापेक्षा अधिक लागला, जसे चिकण काळ्या मातीत घडते, तर मुरवण्याचा नाद सोडून दुसरी प्रक्रिया शोधावी.

टाकी सुरू करताना शेण, गूळ किंवा यीस्ट घालण्याची प्रथा आहे; त्याची गरज नाही, जिवाणू मैल्याबरोबरच येतात. त्यांना मारणारे ॲसिड आणि फिनाइल मात्र बेताने वापरावे. गाळ साधारण दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या गावांच्या नगरपालिकांनी तीन वर्षांच्या फेरीने घरोघरच्या टाक्या उपसण्याची व्यवस्था उभी केली. इतरत्र टाकी तुंबेपर्यंत कोणी झाकण उघडत नाही. ते उघडून आत उतरायचे तर कधीच नाही: टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. माणसाकडून असे धोकादायक काम करून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. उपसा गाडीच्या पंपानेच व्हावा, थोडा गाळ तळाला ठेवावा, आणि टाकी लगेच साध्या पाण्याने पुन्हा भरावी. पावसाळ्यात तर उपसा टाळलेलाच बरा, कारण भूजल वर असताना रिकामी केलेली टाकी वर उचलली जाते.