बोंबलाचं गणगोत

पावसाळा सरून ऊन खडखडीत पडू लागलं की डहाणू, वरोर, चिंचणीपासून तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांडी उभ्या राहतात. बोंबील टांगायला ना सुतळी लागते ना आकडा. कोळीण एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि जोडी दोरावर टाकते. वारा कितीही सुटला तरी ती सहसा निसटत नाही.

कारण ओल्या बोंबलाचं तोंड उघडून पाहिलं की कळतं. तोंडाची फाट डोळ्याच्या बरीच मागे गेलेली असते. खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित लांब आणि दोन्हींवर अणकुचीदार, आत वळलेले दात. बोट आत सरकवलं की दात आतल्या बाजूला मुडपतात. बाहेर ओढताना मात्र अडवतात. जवळा आणि बारीक मासे गिळणाऱ्याच्या तोंडात शिरलेली शिकार परत फिरत नाही ती यामुळेच.

या माशाचे नातेवाईक कोण? फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात बोंबलाचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला ऑस्मेरस या प्रजातीत बसवलं. ऑस्मेरस हे थंड पाण्यातले, सामनच्या वळणाचे मासे. त्यांच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा, मांसल, काटे नसलेला पर असतो. तो बोंबलालाही असतो. पण डहाणूच्या बाजारात शिंगाळा उलटापालटा करून पाहा, तसाच पर त्याच्याही पाठीवर सापडेल. मग शिंगाळा बोंबलाचा भाऊ म्हणायचा का?

जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली अशा प्रश्नांना शिस्त लावली. दोन प्राणी एकसारखे दिसतात एवढ्यावर नातं ठरत नाही; जे लक्षण त्यांच्या समान पूर्वजात नव्याने आलं आणि दोघांकडे उतरलं, तेच नात्याचा पुरावा. बोंबलाची सगळ्यात ठळक खूण म्हणजे त्याचं लिबलिबीत अंग, ज्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आपण त्याला ओळखतो ते त्यावरूनच. पण ते लक्षण इतर कुणाकडे नसेल तर नातं शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही. मला या साऱ्या शास्त्रात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

हेनिगच्या विचाराला पुढे काटकसरीच्या तत्त्वाची जोड मिळाली: ज्या वंशवृक्षात लक्षणं कमीत कमी वेळा बदलल्याचं मानावं लागतं, तो स्वीकारायचा. हे हातानेही करून पाहता येतं. चार मासे घ्या: बोंबील, चोर बोंबील, शिंगाळा आणि तारली. चोर बोंबील म्हणजे सौरिडा, अंगाने घट्ट, खवल्यांनी भरलेला, लांबट मासा. चौघांच्या दोन जोड्या तीनच प्रकारे पडतात.

आता लक्षणं. शिंगाळ्याला खवले नाहीत. बोंबलाचा पुढचा अर्धा भाग बिनखवल्यांचा. त्याला तूर्त 'खवले नाहीत' असं धरू. बाकी दोघांना खवले आहेत. आत मुडपणारे दात बोंबील आणि चोर बोंबलाला आहेत, उरलेल्या दोघांना नाहीत. डोळ्यामागे गेलेली फाटही या दोघांचीच. चौथं लक्षण कल्ल्यांच्या सांगाड्यातलं: दुसऱ्या कमानीवरच्या एका हाडाचा लांबलेला फाटा. डॉन रोझेन यांनी १९७३ साली ज्या माशांचा गट त्यावरून बांधला, त्यात हे दोघेही येतात. मांसल पर आणि शिंगाळ्याच्या मिशा इथे सोडून द्यायच्या, कारण त्या कोणत्याही मांडणीत एकदाच बदलतात; निवड करायला मदत करत नाहीत.

बोंबील आणि चोर बोंबील एका जोडीत ठेवले तर खवले दोन वेगळ्या वेळी बदलले असं मानावं लागतं, बाकी तीन लक्षणं एकेकदा. एकूण बदल ५. बोंबलाला शिंगाळ्याशी जोडलं तर खवल्यांचा एकच बदल पुरतो, पण दात, फाट आणि हाड प्रत्येकी दोनदा बदलावं लागतं. एकूण ७. तारलीशी जोडलं तर ८. पाचाचा वृक्ष जिंकतो. बोंबलाला 'खवले आहेत' असं धरलं असतं तरी निकाल तोच आला असता. अर्ध्या अंगावर खवले असलेल्याला कुठे मोजायचं हे मात्र मोजणाऱ्यानेच ठरवायचं असतं आणि शारीरिक लक्षणांच्या अभ्यासात खरी कसोटी तिथेच लागते.

कॅरोल बाल्डविन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९९६ साली कितीतरी जास्त मासे आणि हाडान्‌हाड तपासून बोंबील आणि सौरिडा यांना एकमेकांशेजारी ठेवलं. पुढे डीएनएच्या अभ्यासांनीही तेच दाखवलं. कोळ्यांनी त्या दुसऱ्या माशाला फार आधीपासून बोंबलाच्याच घरात घेतलेलं आहे. मांसल पराचा उलगडा नंतर झाला: शिकागो विद्यापीठातले थॉमस स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की असा पर माशांमध्ये एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवला आहे. शिंगाळ्याचा पर आणि बोंबलाचा पर म्हणजे दोन वेगळ्या हकिकती.

चार माशांची मोजणी कागदावर होते, पण दहा माशांचे मूळ दाखवणारे वृक्ष ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ होतात. त्यामुळे पुढचं काम संगणकाचं. आणि काटकसर नेहमीच खरं सांगते असंही नाही. जोसेफ फेल्सनस्टाईन यांनी १९७८ साली सिद्ध केलं, की काही फांद्यांवर बदल फार झपाट्याने होत असतील तर ही पद्धत त्या फांद्यांना चुकीने एकत्र आणू शकते, आणि माहिती वाढवत नेली तर चूक सुधारण्याऐवजी पक्की होते. म्हणून आज डीएनएवर काम करणारे बहुतेक जण बदलाचा वेग हिशेबात धरणाऱ्या संभाव्यतेच्या पद्धती वापरतात.

तरीही हाडं आणि दात मोजण्याचं काम संपलेलं नाही. बोंबलाच्या विस्तारित कुळातले मासे लेबनॉनच्या चुनखडीत सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपासून ठसे होऊन पडले आहेत. त्यांच्यात डीएनए उरलेला नाही. त्यांची जागा ठरवायची तर जबड्याची लांबी, दातांची ठेवण, कल्ल्यांची कमान यांवरच भिस्त, आणि तिथे आजही याच लक्षणांचे तक्ते भरले जातात.