क्लॅटची तयारी : तर्क करताना स्वतःचं मत बाजूला ठेवा

बारावीनंतर बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिरायचं तर क्लॅट द्यावी लागते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, त्यातले २२ ते २६ लॉजिकल रीझनिंगचे. अनेक मुलं त्यासाठी नुसती नातेसंबंधांची आणि बैठकव्यवस्थेची कोडी सोडवत बसतात. पण २०२० पासून या भागाचा मुख्य भर इंग्रजी उताऱ्यांवर आहे.

समजा, उताऱ्यात लिहिलंय, ‘कॉलनीत कॅमेरे बसवल्यावर चोरीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, म्हणजे कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या घटल्या.’ इथे न बोललेलं गृहीतक कोणतं? तक्रारी कमी म्हणजे चोऱ्याही कमी. मग हा युक्तिवाद कशाने कमकुवत होईल? त्याच काळात पोलीस चौकी लांब गेली आणि लोकांनी तक्रार करणंच सोडलं, या पर्यायाने. ‘कॅमेरे महाग असतात’ हे खरं असेलही, पण इथे ते गैरलागू आहे. भरपूर वाचणारी मुलं नेमकी अशा पर्यायाला भुलतात, कारण त्यांना विषयाची माहिती असते! चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तो वेगळाच.

रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या. लेखकाचा निष्कर्ष एका ओळीत लिहा, खाली त्याची कारणं, आणि त्याने न सांगता काय धरून चाललंय तेही. तुम्हाला न पटणारा लेख निवडलात तर उत्तमच. घरच्यांनीही मदत करावी : जेवताना मुलाने काही ठासून सांगितलं, की विचारायचं, ‘हे कशावरून?’